आपल्याकडून गेलेला अर्थ

बाबा गेल्यानंतर सतराव्या दिवशी मी त्यांच्या पुस्तकाची प्रुफं उघडली. हॉस्पिटलच्या खाटेवरूनच त्यांनी ती मला मेल केली होती. "चुका काढ. भीड ठेवू नकोस," असं वर फोन करून बजावलं होतं. शनिवार-रविवारी बघते, मी म्हणाले. ते बुधवारी गेले.

पुस्तक छोटंसंच. दुबईजवळच्या उम्म अल कुवैनमधल्या एका कंपनीत बाबांनी सव्वीस वर्षं चिनी आणि जपानी पंपांच्या पेट्या मोजून ताब्यात घेतल्या. पेट्यांवरची पुष्कळशी अक्षरं दोन्ही देशांची सारखीच, अर्थ मात्र कधी तेच, कधी भलतेच. बौद्ध ग्रंथांच्या चिनी भाषांतरांत हीच अक्षरं संस्कृत शब्दांसाठी वापरली आहेत, हे कळल्यावर बाबा त्यात पुरते बुडाले. निवृत्त होऊन आईसह माझ्याकडे दुबईत अल नहदाला राहायला आले, तेव्हा त्यांनी शंभर शब्द निवडले. दर शब्दाला एक पान: चीनमध्ये अर्थ काय, जपानमध्ये काय, बौद्ध ग्रंथांत काय. पुण्याचे सदानंद नावाचे एक छोटे प्रकाशक तीनशे प्रती काढणार होते.

"वीणाताई, घाई अजिबात नाही," ते फोनवर म्हणाले आणि लगेच पुढे, "फक्त गुरुवारी प्रेसला द्यायचंय."

आईला ऐकायचं होतं म्हणून मी मोठ्यानं वाचत होते. एका पानावर बौद्ध ग्रंथांतला 'उपाय' होता. त्यासाठी योजलेला चिनी शब्द जपानमध्ये सोयीच्या खोट्यासाठी वापरतात, आणि चीनमध्ये संडासला जायचं असेल तर सभ्य माणूस तोच शब्द वापरतो, असं बाबांनी गंभीरपणे लिहिलं होतं. पुढचं पान 我慢, जपानीत 'गामान'. "मूळ संस्कृत अस्मिमान, म्हणजे मीपणाचा ताठा. जपानमध्ये याचा अर्थ झाला, तक्रार न करता सोसणं."

"एकाच शब्दात आम्ही दोघं बसलो की," आई म्हणाली. "आधी ते, मग मी."

सतरा दिवसांत आम्ही पहिल्यांदा हसलो.

पान एकेचाळीसवर थांबले. अक्षर 愛. चीन आणि जपानमध्ये प्रेम, बौद्ध ग्रंथांत तृष्णा. इथवर ठीक. पण खाली बाबांनी लिहिलं होतं: "हा शब्द चीनला आपल्याकडून मिळाला. प्रेम हा अर्थ त्यातून पुढे निघाला."

बाबांच्याच कपाटातले दोन कोश काढून बघितले. शब्द चीनमध्ये बौद्ध धर्म पोचण्याच्या कितीतरी आधीपासून होता आणि त्याचा अर्थही मायेचाच होता. भाषांतरकारांना तृष्णेसाठी शब्द हवा होता, त्यांनी तो उचलला. बाबांनी हे उलटं केलं होतं. इतकं वाचणाऱ्या माणसाला हे ठाऊक नसेल, हे पटेना.

शनिवारी अल कुसैसला बाबांच्या ओळखीच्या लिन या चिनी बाईंकडे गेले. नूडल्स, सॉस, सुकी मश्रूम विकणारा तिचा छोटा बकाला, म्हणजे किराणा दुकान, आहे. बाबा दर शनिवारी तिला पानं दाखवायला जायचे. वीस वर्षं दुबईत काढल्यामुळे ती आपल्यापेक्षा झरझर हिंदी बोलते.

मी पान पुढे केलं. तिनं चष्माही लावला नाही.

"ये गलत है. मैं बोला था उसको. तीन बार बोला."

"फिर?"

"मैं बोला, वासुदेव भाई, तुम्हारा बुद्ध का किताब आने से पहले हमारा माँ लोग बच्चे को प्यार नहीं करता था क्या? प्यार इंडिया से पार्सल में आया?" ती हसली, मग आवरलं. "वो गुस्सा हो गया. चाय छोड़ के गया. दो हफ्ता नहीं आया. फिर आया, नया पन्ना लाया. ये वाला कभी नहीं दिखाया."

"बदल दूँ?"

"बदलो ना. चाइनीज़ आदमी पढ़ेगा तो हँसेगा."

"मराठी किताब कौन चाइनीज़ पढ़ेगा?"

"मैं. एक कॉपी मेरा है, वो बोला था."

परतताना गाडी सिग्नलला थांबली तेव्हा मला वाटलं, नकळत झालेली चूक असती तर मी केव्हाच दुरुस्त केली असती. हा हट्ट होता.

आईला सांगितलं. ती भाजी निवडत होती.

"राहू दे आहे तसं. गेलेल्या माणसाशी कसला वाद घालतेस?"

"भीड ठेवू नकोस म्हणाले होते ते."

"तेव्हा म्हणाले होते. तेव्हा उत्तर देता आलं असतं त्यांना."

 बाबांनी पाठवली त्याच आठवड्यात मी प्रुफं उघडली असती, तर पान एकेचाळीसवरून आमचं कडाक्याचं भांडण झालं असतं. ते होऊ शकलं असतं, हेच मला सहन होत नव्हतं.

बुधवारी मी ते वाक्य काढलं आणि बाबांच्याच पद्धतीनं नवीन लिहिलं. आखूड वाक्यं, शेवटी क्रियापद ठाम. कुणाला सांधा दिसला नसता. आईला वाचून दाखवलं.

"हे त्यांनी लिहिलेलं नाही," ती म्हणाली.

"नाही. पण बरोबर आहे."

"असेल. पण त्यांच्या तोंडी घालू नकोस. त्या लिनपुढे हरले नाहीत, आणि तू आता त्यांना न विचारता हरवतेस."

"मग चुकीचं छापू?"

"छाप. आणि खाली तुझं लिही, तुझ्या नावानं. दिसू दे की लोकांना, बाप-लेक भांडतायत ते."

सदानंदांना ते पसंत पडलं नाही. "लेखकाच्या विरुद्ध मुलीचीच तळटीप? श्रद्धांजली म्हणून दोन ओळी लिहा हवं तर."

"हीच आहे ती," मी म्हणाले.

बाबांचं वाक्य जसंच्या तसं परत ठेवलं. खाली बारीक टायपात लिहिलं: "हे विधान मला मान्य नाही. हा शब्द व त्याचा प्रेम हा अर्थ चीनमध्ये आधीपासून होता. भाषांतरकारांनी तो तृष्णेसाठी निवडला. लिन यांनी हे लेखकाला तीनदा सांगितलं होतं. त्यांनी ऐकलं नाही. वीणा."

आई खांद्यावरून वाचत होती. "लेखकाला काय? परका आहे का कुणी?"

मी 'लेखकाला' खोडून 'बाबांना' लिहिलं आणि पान पाठवून दिलं.