भिंतीचं पोट

"अवो, जरा हळू! गिलाव्यासंगं भिंतच घेऊन येताय का अंगणात?" आगाफिया ओरडली.

एफ्तिमीने छिन्नी खाली ठेवली. सिमेंटचा ताटाएवढा पोपडा सुटून पायाशी पडला होता आणि त्याच्या पाठीला ओल्या मातीचा जाड थर चिकटून आला होता. भिंतीला खळगा पडला. आत गव्हाचा भुसा दिसायला लागला, एफ्तिमीच्या बापाने कालवलेला.

"हळू मारलं तर सुटत न्हाय, जोरात मारलं तर भिंत येतीय. कसं मारू, तूच सांग."

आगाफियाने पडलेला पोपडा उचलून बाजूला टाकला.

प्रूत नदीच्या काठी, मोल्दोव्हातल्या या गावात जुनी घरं सगळी मातीची. माती, भुसा आणि घोड्याची लीद पायांनी तुडवून भिंत घालायची, आणि दरसाल ईस्टरच्या आधी बायकांनी ती लिंपून चुना द्यायचा. भिंत पावसात भिजायची, उन्हात वाळायची. आगाफिया लग्न होऊन आली तेव्हापासून हेच करत आली. पुढे तिचे गुडघे धरले.

मग गेल्या उन्हाळ्यात वियोरेल आला. एकुलता एक पोरगा, इटलीत मोठमोठ्या इमारतींना गिलावा करणारा. "आय, आता तू चिखलात हात घालायचा न्हाय," म्हणाला, आणि सगळी सुट्टी राबून त्याने घराला चारी बाजूंनी सिमेंट चढवलं. वर पिकल्या जर्दाळूचा रंग दिला. एकही दिवस नदीवर पोहायला गेला नाही. गाव बघायला आलं, तेव्हा आगाफिया दारात उभी राहून म्हणायची, "हात लावून बघा. कसं गुळगुळीत हाय!"

पण जमिनीतून चढणारी ओल आधी भिंतीवाटे निघून जाई. आता तिची वाट बुजली. पानगळीत मागच्या खोलीला बुरशी आली. थंडीत भिंत आतल्या आत गोठली, आणि बर्फ वितळायला लागल्यावर तिला पोट आलं. त्याच खोलीत घर तापवणारी मातीची भट्टी होती. भट्टीच्या उबेला नवरा-बायको झोपायची.

शेजारचा गावरिल बाभळीचे ओंडके ओढत आला. भिंतीकडे बघून त्याने टोपी मागे सारली.

"जुळी हायेत वाटतं आत!"

"हस बाबा. तुझी भिंत सपाट हाय," एफ्तिमी म्हणाला.

"हसतोय कुठला! मी वियोरेलला सांगून ठिवलंय, पुढल्या साली माझं घर कर म्हणून." त्याने ओंडका भिंतीला टेकवला. "आरं, पण पोराला कळीव की."

"काय कळवू? लेका, तुझ्या मायेनं घर कुजतंय, असं?"

गावरिलने दुसरा ओंडका उचलला. दोघांनी मिळून छपराच्या वाशांखाली टेकू लावले. आगाफियाने खळग्यात नवी माती भरली, पण आभाळ सारखं गळत होतं. भरलेली माती वाळेना, तिच्या बोटांमागोमाग घसरून खाली येई.

तेवढ्यात घरातला मोबाइल वाजला. रविवार होता, वियोरेलच्या व्हिडिओ कॉलचा वार.

तो घेऊन नवरा-बायको धावतच पुढच्या अंगाला आली. एफ्तिमीने चिखलाची विजार झाकायला वरून कोट चढवला. दोघं जर्दाळू रंगाच्या भिंतीला पाठ लावून उभी राहिली. पडद्यावर वियोरेलचा चेहरा हसला.

"बा, घर दाखीव की जरा! व्वा, अजून कालच दिल्यागत रंग हाय. आय, हाताला काय गं तुझ्या?"

"भट्टी लिंपत होते."

"चिखल काय सुटत न्हाय तुझा!" तो मोठ्याने हसला. "ऐका, ईस्टरला येतोय आम्ही. सासू-सासऱ्यांनाबी आणतोय. त्यांना मागली खोली देऊ, ऊब असती. आणि बा, कोठारात सिमेंटची पोती उरल्यात न्हवं? मागल्या भिंतीला आणखी एक हात देतो, म्हंजे जन्माची काळजी मिटली."

एफ्तिमीने तोंड उघडलं. आता सांगावं, असं त्याच्या मनात आलं. "वियोरेल, त्या मागल्या भिंतीचं..."

घरामागे धप्पकन आवाज झाला. पायाखालची जमीन हलली.

"काय पडलं, बा?"

एफ्तिमीने मान मागे वळवली. आगाफियाने फोन आपल्याकडे ओढला.

"छपरावरचं बर्फ."

"एवढ्या उशिरा बर्फ?"

"औंदा लई पडलं, बाळा. तू ये. सावकाश ये."

फोन बंद झाला, तरी दोघं तिथेच उभी होती. मागे जाऊन बघायचं धाडस कुणालाच होईना. कोपऱ्यावरून गावरिल आला, डोक्यापासून पायापर्यंत मातीने माखलेला.

"तुला लागलं न्हाय न्हवं?" एफ्तिमीने विचारलं.

"मी लांब होतो." त्याने टोपी काढून झटकली. नजर मात्र वर उचलली नाही. "टेकू उभे हायेत. तेवढेच."

पाऊस पडतच होता. आगाफिया उंबऱ्यावर बसली आणि बुटांच्या नाड्या सोडायला लागली.

"पाणी तापवा," ती नवऱ्याला म्हणाली. "गार माती तुडवायला पाय चालत न्हाईत आता माझे."