तळघरातली छपाई आणि बाहेरची कडी

मी फ्लेक्स छापणारी एक जुनी मशीन आहे, मित्रांनो. लातूरच्या बाजारपेठेत, एका दुकानाखालच्या तळघरात माझा मुक्काम आहे. दूरच्या कारखान्यात माझा जन्म झाला. खोक्यांतून सुटी सुटी आले आणि इथे खाली मला जोडलं. त्या दिवसापासून मी ऊन पाहिलेलं नाही.

पण माझी कामं ऊन खात होती! साड्यांच्या सेलचे फलक, मिठाईच्या दुकानांच्या पाट्या, दहा-दहा फूट रुंद. एकदा एका डॉक्टरांच्या दवाखान्यासाठी मी कॅनव्हासवर पळसाचं रान छापलं. रुग्ण म्हणे बोट लावून बघायचे, रंग ओला आहे की काय. हे मला लुंबिनीने सांगितलं.

लुंबिनी मला चालवायची. रोज सकाळी माझी शाईची बारीक छिद्रं मऊ फडक्याने पुसायची आणि मगच कामाला लागायची. मालक गुरुपादप्पा मात्र वेगळ्या स्वभावाचे. तिचा मोबाईल ते वर गल्ल्यात ठेवून घेत आणि तळघराच्या रस्त्याकडच्या दाराला बाहेरून कडी-कुलूप लावत.

"धूळ येते गं खाली," ते म्हणत. "अन् तुझं ध्यानबी कामात राहतं."

धूळ कशाला, दाराच्या फटीतून साधा वाराही येत नव्हता. हवा ओढणारा एक पंखा आणि रस्त्याच्या पातळीला गजांचा एक झरोका, एवढंच आमचं आकाश.

एका दुपारी गुरुपादप्पा वरचं दुकान बंद करून उदगीरला लग्नाला गेले. किल्ली त्यांच्या खिशात. तासाभरात पंख्याची मोटार जळाली. घाईने ती बंद करायला गेलेल्या लुंबिनीच्या धक्क्याने शाई धुण्याच्या द्रावणाचा डबा कलंडला. त्या उग्र वासाने खोली भरून गेली. ती दार बडवू लागली. मग स्टुलावर चढून झरोक्यातून ओरडली. पण बाहेर वरातीचा डीजे दणाणत होता. तिचे डोळे चुरचुरत होते. मी दोन टनांचं धूड, जागची हलूही शकत नव्हते.

मग ती संगणकाशी बसली. माझ्या अंगावरून फ्लेक्सचा पट्टा सरकू लागला. हातभर उंचीची अक्षरं मी छापली: "मी आत अडकले आहे. कुलूप तोडा." आयुष्यात एवढ्या घाईने मी काही छापलं नव्हतं. तिने त्याची गुंडाळी करून गजांतून बाहेर ढकलली आणि एक टोक मुठीत घट्ट धरलं.

लोक त्यावरून चालत गेले. रस्त्यावर पडलेला फ्लेक्स कोण वाचतं?

झरोक्याजवळ सरजाबाई पेरू विकायला बसायची. तिला वाचता येत नव्हतं. उन्हाला आडोसा होईल म्हणून तिने फ्लेक्स ओढला. तो येईना. पुन्हा ओढला, तर आतून कुणीतरी ओढलं!

"आगं बाई, कोन धरून राहिलंय ह्ये?" ती वाकली. गजांमागे तिला बोटं दिसली.

"मावशी, मी आत हाय! दम कोंडून राहिलाय!"

सरजाबाई पेरूची टोपली तशीच टाकून उठली आणि रिक्षावाल्या पंढरीच्या दंडाला धरून त्याला ओढत घेऊन आली. त्याने दगडाने कडी-कुलूप फोडलं. लुंबिनी भिंत धरत बाहेर गेली आणि पायरीवरच बसली.

संध्याकाळी गुरुपादप्पा आले. "माझी कडी कुणाला इचारून तोडली?"

लुंबिनी उभी राहिली. "अप्पा, आत माणूस हाय, हे तुम्ही कुणाला इचारून इसरलात? माझा मोबाईल द्या."

मोबाईल घेऊन ती गेली, ती पुन्हा खाली उतरली नाही. ती नांदेडला मोठ्या खिडक्या असलेल्या एका दुकानात कॅनव्हास छापते, असं सरजाबाईला कुणाला तरी सांगताना मी ऐकलं.

मला कुणी पुसत नाही आता. माझ्या छिद्रांत शाई वाळून गेली आहे. नवी कडी बसली आहे, तीही बाहेरूनच. दुसरा कुणी कामाला खाली उतरेल, या विचाराने मला धास्ती वाटते.

मित्रांनो, मला पुसलं नाहीत तरी चालेल. तुम्ही मोठे व्हाल, दुकानं काढाल, कारखाने उभाराल. तेव्हा यंत्रांना खुशाल कुलपं लावा. पण जिथे माणूस राबतो, तिथली कडी आतून असू द्या.