चार वाजताचं वाचन

औषधांच्या कारखान्यात मी तपासनीस आहे. दुसऱ्यांच्या चुका काढायचा पगार मिळतो मला, आणि तो तोरा मी घरीही मिरवते. तर आमच्या घरच्या कॉम्प्युटरचा डेटा दहा तारखेलाच संपायला लागला. वर इंटरनेटवाल्यांची तंबी आली: तुमच्या लाइनवरून भलत्याच ठिकाणी सारखी ये-जा चालू आहे, थांबवा नाहीतर लाइन तोडू.

कॉम्प्युटर वापरणारे एकटे सासरे. रोज चार वाजता ते आपल्या ताईला व्हिडिओवर पेपर वाचून दाखवायचे. ताईंना हल्ली फारसं काही आठवत नसे. फोनवरचा आवाज कळायचा नाही, रोज दिसणारा चेहरा तेवढा ओळखायच्या.

"बाबा, तुम्हीच कुठेतरी नको तिथे क्लिक केलंय," मी ठणकावलं.

"असेल बाई. चष्म्यातून नीट दिसत नाही हल्ली."

मी कॉम्प्युटर बंद करून प्लगच काढला. आठवडाभर एक कणही डेटा गेला नाही. झालं, माझ्या लेखी गुन्हा सिद्ध. नवरा म्हणाला, "अगं, ताईंशी तरी बोलू दे." मी त्याला उडवून लावलं. आम्ही दोघं दिवसभर कामावर, बाबांचा फोन बटणांचा. तीन आठवडे ते चार वाजता पेपर घेऊन त्याच खुर्चीत बसायचे आणि मनातल्या मनात वाचायचे.

शेवटी मी सुट्टीच्या दिवशी दुरुस्तीवाल्या बाईंना बोलावलं. त्यांनी एकेक प्रोग्रॅम बंद केला आणि दर वेळी डेटा किती वेगाने जातोय तो आकडा पाहिला. सातव्याला आकडा झपकन खाली आला.

"हे लेबलं छापायचं फुकटचं सॉफ्टवेअर. तुमच्या लाइनवरून परक्या लोकांची कामं उरकतंय. कोणी टाकलं?"

मी. स्वयंपाकघरातल्या डब्यांना लेबलं हवी होती म्हणून. अटी न वाचता 'मान्य' दाबलं होतं.

"पण बाबांनी वापरणं सोडल्यावर थांबलं होतं."

"तुम्ही कॉम्प्युटरच बंद ठेवला होतात ना?"

एका वेळी एकच गोष्ट बदलून बघायची, हे मी कारखान्यात नव्या मुलींकडून घोकून घेते. फाडकन मुस्कटात बसल्यासारखं झालं. लाज वाटली, माझी मलाच.

"बाबा, चूक माझी होती. तुम्ही काहीच केलं नव्हतं."

"जाऊ दे गं. सापडलं ना?" म्हणत ते शर्ट बदलायला गेलेसुद्धा.

चार वाजता पलीकडे बाबांच्या भाचीने ताईंना स्क्रीनसमोर बसवलं. ताई बराच वेळ बघत राहिल्या. मग लेकीला विचारलं, "कोण गं हे?"

"ताई, मी. तुझा धाकटा."

"छे. आमचा धाकटा रोज यायचा पेपर वाचायला," ताई म्हणाल्या. "हल्ली येत नाही. काही रागावलाय का, कोण जाणे."

बाबांनी पेपर उघडला आणि पहिल्या पानापासून वाचायला सुरुवात केली. माझ्याकडे पाहिलं नाही. एकदा तरी रागाने पाहायला हवं होतं.