चटईखालचे साहेब

आपिया ही आमच्या बेटाची राजधानी. तिथे सरकारी नोकरांच्या तक्रारी ऐकणारा एक लवाद आहे. मी त्याचा रजिस्ट्रार. एकदा तक्रार दाखल झाली की नोकराने आणि खात्याने एकमेकांशी त्याबद्दल बोलायचं नाही, जे काही असेल ते माझ्यामार्फत बोलायचं, असा आमचा नियम आहे. बेटावर सगळेच एकमेकांचे कुणी ना कुणी लागतात. त्यामुळे हा नियम रविवारी चर्चच्या अंगणात मोडतो आणि सोमवारी कचेरी उघडली की पुन्हा लागू होतो.

तिलोमाई वजनमाप खात्यात निरीक्षक होती. दुकानादुकानांतून फिरून तराजू तपासायचं काम. एका दुकानाचा तराजू खोटा निघाला, तिने त्याला सील ठोकलं. दुकान खात्याचे मुख्य तोईलोलो साहेब यांच्या मेव्हण्याचं होतं. हे तिला ठाऊक होतं का, असं मी तिला नंतर विचारलं. ती म्हणाली, "ठाऊक होतं. म्हणून दोनदा तपासला."

पुढच्या सोमवारी सकाळची प्रार्थना झाल्यावर तोईलोलोंनी सगळ्या कचेरीसमोर तिला उभं केलं. म्हणाले, "हिचा बाप डीकन होता. चर्चच्या दानावर जगला आणि मेला. त्याची मुलगी दुसऱ्यांचे तराजू तपासते."

बापाला जाऊन वर्षही झालं नव्हतं. दानपेटीत पैसे कमी पडले तर स्वतःची डुकरं विकून भरणारा माणूस, हे अर्ध्या आपियाला माहीत होतं. तिलोमाई म्हणाली, "साहेब, माझ्या बापाचं नाव घ्यायची तुमची लायकी नाही." दुपारी तिच्या हातात बडतर्फीचं पत्र पडलं. कारण, वरिष्ठांशी उद्धट वर्तन.

नोकरांच्या संघटनेचा इओसेफो तिला घेऊन माझ्याकडे आला. तक्रार दाखल झाली, सुनावणीसाठी मंगळवार ठरला. त्याआधीच्या शनिवारी, नुकतं उजाडलेलं असताना, तिच्या भावाचा मला फोन आला.

"रजिस्ट्रारसाहेब, तोईलोलो आमच्या अंगणात येऊन बसलेत."

"कशाला?"

"डोक्यावर चटई घेऊन बसलेत."

मी लुंगी बदलून गाडी काढली.

याला आम्ही इफोगा म्हणतो. ज्याच्या हातून मोठा अपराध घडला त्याने आपल्या भाऊबंदांना घेऊन पहाटे समोरच्याच्या दारात जायचं, घरातली सर्वांत उंची चटई डोक्यावरून पांघरायची आणि मान खाली घालून बसायचं. घरच्यांनी येऊन चटई उचलली तर माफी मिळाली. नाही उचलली तर बसून राहायचं. जुन्या काळी न उचलता दगडही घालत. खुनासाठी बसलेले मी पाहिले होते. पण लवादापुढे तक्रार चालू असताना खात्याचा मुख्य बसलेला कधी पाहिला नव्हता.

अंगणाच्या मधोमध चटईचा एक ढीग होता, कडेला लाल पिसं लावलेली. त्याच्या मागे तोईलोलोंच्या घराण्यातली वडीलधारी मंडळी मान खाली घालून बसली होती. एक कुत्रं चटई हुंगून परत जात होतं आणि पुन्हा येत होतं. आमच्या घरांना भिंती नसतात, त्यामुळे आतलं सगळं दिसत होतं. तिलोमाई अंगणाकडे पाठ करून नारळ खवत होती. शेजारी इओसेफो बसला होता. खांबाला टेकून तिचे काका आसुएमू बसले होते. घराण्याचे प्रमुख तेच.

"अजिबात हलू नकोस," इओसेफो तिला सांगत होता. "ही वकिलाची चटई आहे. उचललीत की मंगळवारी त्यांचा वकील उठून म्हणेल, प्रकरण मिटलं, तक्रार काढून टाका."

"आणि नाही उचलली तर?" काका म्हणाले. "ऊन चढतंय. म्हातारा माणूस आहे. आमच्या अंगणात गेला तर मग आम्ही कुणाच्या दारात बसायचं?"

"तो आपला रक्तदाब बघूनच आला असेल."

"इओसेफो, तू गप रे. तुझ्या आजोबांसाठी आमच्या आजोबांनी याच अंगणात चटई उचलली होती."

मग सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"रजिस्ट्रारसाहेब," काका म्हणाले, "चटई उचलली तर तक्रार संपते का?"

"नियमांत चटईबद्दल काही नाही."

"मग अध्यक्षांना विचारा."

आमचे अध्यक्ष म्हणजे निवृत्त न्यायाधीश. शनिवारी ते आपल्या अळूच्या शेतात असतात. मी फोन लावला, त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"अर्ज आलाय का?"

"नाही, साहेब."

"मग माझ्यापुढे प्रश्नच नाही." फोनवर कुदळीचा घाव ऐकू आला. "ऊन फार आहे का?"

"आहे."

"त्याला पाणी द्या. पाणी द्यायला अर्ज लागत नाही."

मी तसं सांगितलं. काकांनी मान हलवली. "पाणी दिलं म्हणजे अर्धी माफी झाली."

"अर्ध्या माफीबद्दल नियम आहे का?" इओसेफोने विचारलं.

"नाही."

तिलोमाईने खवणी बाजूला ठेवली. "मला त्यांना एक गोष्ट विचारायची आहे. विचारू?"

"माझ्यामार्फत विचारावी लागेल," मी म्हणालो.

"मग विचारा. म्हणावं, कशासाठी बसलात?"

मी अंगणात गेलो, वडीलधाऱ्यांसमोरून वाकून पुढे झालो आणि चटईपाशी उकिडवा बसलो. "तोईलोलो साहेब, मी लवादाचा रजिस्ट्रार. तिलोमाई विचारतेय, कशासाठी बसलात?"

चटईखालून आवाज आला. "तिच्या बापासाठी."

"नोकरीबद्दल काही?"

"ते वकील बघतोय."

मी परत जाऊन शब्दाला शब्द सांगितला. तिलोमाई डोळे मिटून बसली. तिच्या हातांना खोबरं लागलेलं होतं, त्याच हातांनी तिने तोंड पुसलं. ती रडते आहे की नाही, ते मला कळलं नाही आणि मी बघितलंही नाही.

"काका," ती म्हणाली, "बाबा तुमचा भाऊ होता. त्याची माफी द्यायची की नाही ते तुम्ही ठरवा. नोकरी माझी आहे. तिचं मी मंगळवारी बघीन."

आसुएमू काका उठले, अंगणात गेले आणि त्यांनी चटई उचलली. तोईलोलोंच्या कपाळावर विणीची नक्षी उमटली होती. चेहरा ओला होता, आणि नुसत्या घामाने नव्हे. दोन्हीकडच्यांनी भाषणं केली. दोन्ही बाजूंना बोलणारे तयारीचे असल्यामुळे ती लांबली. मग अळू आलं, नारळाच्या दुधात शिजवलेली पानं आली, डुक्कर आलं. तिलोमाईने एक शहाळं सोलून स्वतः तोईलोलोंच्या पुढे ठेवलं. बोलली नाही. नियम पाळला.

मंगळवारी इओसेफो म्हणाला होता तेच झालं. खात्याचा तरुण वकील उठला आणि म्हणाला की, पक्षकारांनी आपल्या थोर परंपरेनुसार वाद मिटवलेला आहे, सबब तक्रार निकाली काढावी. इओसेफोने माझ्याकडे असं पाहिलं की जणू चटई मीच विणली होती.

अध्यक्षांनी तोईलोलोंना शपथेवर उभं केलं. "चटईखाली कशाची माफी मागितलीत?"

"साहेब, त्या प्रश्नाची गरज..." वकील उठू लागला.

"बसा. अंगणात तुम्ही नव्हता."

तोईलोलोंनी वकिलाकडे पाहिलं नाही. "तिच्या बापाबद्दल बोललो त्याची. ते खोटं होतं. बोलताना मला माहीत होतं."

"आणि ती जे उलट बोलली ते?"

"ते खरं होतं."

"मग तिला काढलं कशासाठी?"

"सगळ्यांसमोर खरं बोलली म्हणून," ते म्हणाले. पाणी मागितलं, प्यायले, आणि पुढे म्हणाले, "तराजूही खोटाच होता."

तराजूबद्दल त्यांना कुणी विचारलंच नव्हतं. वकिलाने पेनाला टोपण लावलं. त्या सकाळपर्यंत मलाही वाटत होतं की ती वकिलाचीच चटई असेल. नंतर कळलं, की वकिलाला शनिवारी संध्याकाळी बातमी लागली आणि त्याला फारच आनंद झाला होता. तोईलोलोंना बसवलं होतं त्यांच्या थोरल्या बहिणीने. "त्या घरातल्या मेलेल्या माणसाला शिवी देऊन तू माझ्या ताटाला बसणार असशील तर मी दुसरीकडे जेवते," एवढंच ती म्हणाली होती.

लवादाने तिलोमाईला पुन्हा कामावर घ्यायचा हुकूम दिला. निकालात चटईबद्दल एकच वाक्य आहे. माफी मागितल्याने घराण्यांमधला अपमान मिटतो, बेकायदा बडतर्फी मिटत नाही. हे वाक्य पुढे इतर खात्यांच्या वकिलांना आवडलं नाही.

ती रुजू झाली. तोईलोलो तिच्याशी नीट वागले, उलट जरा जास्तच नीट. ती खोलीत आली की उभे राहायचे, त्यामुळे बाकीच्यांनाही उभं राहावं लागायचं. थोड्या दिवसांनी तिने सवाई बेटावरच्या शाखेत बदली मागितली. इओसेफो माझ्याकडे धावत आला. म्हणाला, "साहेबांनी दबाव आणला असणार, तक्रार करूया." मी त्याच्यासमोरच तिला बोलावून विचारलं.

"कुणी दबाव नाही आणला," ती म्हणाली. "काकांनी माफ केलं, मीही केलं. पण ते रोज माझ्याकडे बघून उठतात आणि मला रोज बाबा आठवतात. सवाईला दुकानं आहेत, तराजू आहेत. तिथे कुणी उठणार नाही."

इओसेफो म्हणाला, "मग मी तक्रारीचे कागद तयार केलेत, त्यांचं काय?"

"ठेव. दुसऱ्या कुणाला लागतील."

बदलीच्या अर्जावर तोईलोलोंनी त्याच दिवशी सही केली. गेल्या महिन्यात मी सवाईला गेलो होतो. ती एका दुकानासमोर पायरीवर बसून दुकानदाराशी भांडत होती, की वजनाचा दगड पावसाने झिजतो की दुकानदाराने. मला बघून तिने हात हलवला आणि भांडण पुढे चालू ठेवलं.