चीर गेलेलं धनुष्य

मित्रांनो, मी एक जुनं लाकडी धनुष्य आहे, आणि सांगायला लाज कसली, मी भित्रा आहे. धनुष्य म्हटलं की तुम्हाला शूरवीर आठवत असतील. पण ज्याला रोज मोडेल मोडेल असं वाकवतात, त्याने घाबरू नये तर काय करावं?

माझा जन्म एका सुताराच्या कारखान्यात झाला. लांबट खोली, एकच खिडकी आणि पायाखाली भुसा. सुतारकाकांनी लाकडाच्या आणि बांबूच्या पट्ट्या सरसाने चिकटवून मला शिकंज्यात आवळून ठेवलं. मग ते मला थोडं वाकवत, कान लावून ऐकत, कुठे कुरकुर आली की तिथे कानस फिरवत. "घाबरू नकोस रे," असं ते लाकडाशीही बोलायचे. मी तेव्हापासूनच घाबरत आलो.

त्यांनी मला घडवलं ते पुतणीसाठी. अंगाने बारीक आणि नेमाची पक्की, म्हणून तिला घरात सगळे सुई म्हणत. तिच्या हातात मी आलो आणि माझं भाग्य उजळलं. बाण सुटायचा तो थेट मधल्या पिवळ्या ठिपक्यात. कपाटावर चषक मावेनात. तिचे वडील मोटारी दुरुस्त करायचे. गिऱ्हाइकाची गाडी राहायची बाजूला, आधी पोरीचं कौतुक ऐकावं लागायचं.

पण कौतुक वाढलं तशी तिची मूठ ओली होऊ लागली. ते फक्त मला कळायचं. पूर्वी ती दोरी ओढायची आणि श्वास सोडावा तशी सोडायची. आता ओढून धरायची आणि बोटं उघडायचीच नाहीत. तिच्या काळजाची धडधड माझ्या मुठीतून थेट वरच्या-खालच्या वाकणाऱ्या पात्यांपर्यंत जायची. ती भीती तिची की माझी, हेच मला समजेनासं झालं.

मग संघाच्या निवडीचा सामना आला. शेवटचा बाण उरला होता. मागून कुणीतरी म्हणालं, "हा लागला की झालंच!" तिने दोरी ओढली. बोटं पुन्हा अडली. बाण दोरीवरून निसटून खाली पडला आणि त्याच क्षणी तिची बोटं उघडली.

मित्रांनो, दोरीचा जोर बाण घेऊन जातो. बाणच नसला तर तो सगळा जोर उलटा धनुष्याच्या अंगात शिरतो. कडाड्‌ असा आवाज झाला, लोक दचकले, आणि माझ्या वरच्या पात्यात केसाएवढी चीर गेली.

घरी येताना वडील सारखे म्हणत होते, "एवढंसं राहिलं होतं गं, एवढंसं!" घरी आल्यावर सुईने मला खिळ्याला अडकवलं आणि पाठ फिरवली. दोरीसुद्धा उतरवली नाही.

ते दिवस फार वाईट गेले. काम नव्हतं, पण ताण होता. दोरी ओढत राहायची आणि चीर हळूहळू वर सरकायची. आता मोडतो, मग मोडतो, अशा धास्तीत मी लटकत होतो. सुई खोलीत यायची ती माझ्याकडे न बघता.

एके दिवशी सुतारकाका आले, तेही भिंत धरून. त्यांचा तोल जाऊ लागला होता. कानामागे, आत खोल गाठ निघाली होती आणि डॉक्टरांनी शस्त्रक्रिया सांगितली होती. पण खोलीत शिरताच ते ओरडले, "अगं, दोरी चढवून ठेवलंस ह्याला? सदा ताणलेलं राहिलं तर लाकूडसुद्धा दम सोडतं!" मग तिच्याकडे बघून म्हणाले, "आणि तुझंही तोंड तसंच ओढलेलं. चला, दोघंही माझ्याबरोबर."

कारखान्यात त्यांनी माझ्या चिरेत सरस भरला आणि वरून दोरा गच्च गुंडाळला. पुरता वाळल्यावर त्यांनी पेंढ्याची जाड गादी भिंतीला टेकवली. ठिपका नाही, वर्तुळं नाहीत. दोन पावलांवर सुईला उभं केलं.

"डोळे मीट आणि सोड."

"आणि नेम?"

"नेम कुठे पळून जातोय? आधी पाय रोव. खांदा खाली. अगं खाली म्हटलं, कानाला काय लावतेस!"

तिने ओढलं. माझी चीर कुरकुरली. मी मनात म्हटलं, संपलं! तिचीही बोटं अडली. शेवटी तिने दोरी हळूच परत आणली. काका रागावले नाहीत. "उद्या," एवढंच म्हणाले.

असे बरेच उद्या आले. एका दुपारी बोटं आपसूक उघडली. बाण गादीत घुसला. डोळे मिटूनच तिने विचारलं, "लागला का?"

"मला काय ठाऊक? मी तुझा खांदा बघत होतो."

ती हसली. कितीतरी दिवसांनी तिची मूठ कोरडी होती.

शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशीही काका कारखान्यात आले. तोल जाऊ नये म्हणून त्यांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला होता. तिने विचारलं, "काका, बरे होऊन याल ना?"

ते म्हणाले, "मलाही भीती वाटतेय गं. दवाखान्यात जायचं, सांगतील तसं पडून राहायचं, एवढंच माझ्या हातात आहे. पुढचं माझ्या हातात असतं तर तुला आत्ताच सांगितलं असतं." आणि लगेच, "रडतेस काय? खांदा वर गेला बघ."

त्या संध्याकाळी तिने डोळ्यांत पाणी असताना बाण सोडला. तो सरळ गेला.

काका वाचले. एक कान मात्र गेला आणि भिंत धरणं सुटलं नाही. पुढच्या निवडीच्या वेळी ते अंथरुणावर होते. मैदानावर वडील आले होते. शेवटच्या बाणाला सुईने दोरी ओढली आणि माझी चीर इतकी कुरकुरली की मला दरदरून घाम फुटायचा तेवढा राहिला. पण तिची बोटं वेळेवर उघडली. बाण पिवळ्याच्या बाहेर, लाल पट्ट्यात लागला. निवड झाली नाही.

तिने माझी दोरी उतरवली, पाती पुसली. वडिलांनी तोंड उघडलं, मग बाणांचा भाता उचलला आणि म्हणाले, "चल, काकांना भेटून येऊ."

काकांनी चांगला कान पुढे केला. "सुटला का गं?"

"सुटला."

"मग चहा टाक," ते म्हणाले.

मित्रांनो, माझी एक विनवणी आहे. सामना खेळून किंवा परीक्षा देऊन कुणी घरी आलं, तर आधी त्याला बसू द्या, पाणी द्या. किती पडले, कितवा आला, हे दाराशीच विचारू नका.

सुई अजून मला रोज हातात घेते. चीर पुरती बुजलेली नाही. कधी मोडेन ते मला माहीत नाही, काकांनाही सांगता येत नाही. दोरी ओढली जाते, लाकूड कुरकुरतं, मला भीती वाटते, आणि मी वाकतो.