वास तुम्ही घ्या

माझ्या नाकावर राग असतो, असं आमच्या गॅरेजमध्ये सगळे म्हणतात. असू दे. दीड वर्षापासून त्या नाकाला दुसरं काही कामच उरलेलं नाही.

ताप आला, आठ दिवसांनी गेला आणि जाताना वास घेऊन गेला. पेट्रोल, जळकं ऑइल, करपलेलं दूध, काही म्हणजे काही कळत नाही. लेकीचं बाळ पहिल्यांदा हातात घेतलं, टाळूला नाक लावलं आणि काहीच आलं नाही, तेव्हा बाथरूममध्ये जाऊन पोटभर रडले. नवऱ्याला तेवढं ठाऊक. बाकीच्यांना कशाला सांगू? अठ्ठावीस वर्षं मेकॅनिक आहे मी. गाडीचं दार उघडून एक श्वास घेतला की बिघाड सांगायचे. मालक गिऱ्हाइकांना कौतुकानं म्हणायचे, "आमच्या ताईंचं नाक म्हणजे मशीन आहे मशीन." ते मशीन बंद पडलंय, हे कुठल्या तोंडानं सांगणार होते?

आणि मग आली ती पिवळी स्पोर्ट्स कार. दोनच सीट, जमिनीला टेकलेली. आत बसायचं तर आधी गुडघ्यांची समजूत काढावी लागते. मालकीण दातांची डॉक्टर. तक्रार एवढीच की शेजारच्या सीटपुढचा गालिचा ओला होतो आणि समोरच्या काचेवर आतून वाफ धरते. मी सवयीनं दार उघडलं, सवयीनं श्वास घेतला. वास नाही! म्हणजे एसीचं पाणी. त्याची निचऱ्याची नळी तुंबली की पाणी बाहेर पडायच्या ऐवजी आत झिरपतं. नळी खरंच तुंबलेली निघाली, तारेनं मोकळी केली, पेलाभर पाणी खाली पडलं, गाडी देऊन टाकली. गाडीला वास नाही हे मला लगेच कळलं, पण वास मलाच येत नाही हे मी सोयीस्करपणे विसरले. अशी चूक करायला माझ्यासारखं घमेंडखोर माणूसच लागतं.

नवव्या दिवशी डॉक्टरबाई तणतणत परत आल्या.

"वळणावर काच एकदम पांढरीफटक झाली! समोरचं काही दिसेना. आई बसली होती शेजारी. कठडा हातभर राहिला होता, तेव्हा कुठे गाडी थांबली माझी." 

मालक धावत आले. दार उघडलं आणि त्यांनी तोंड वाकडं केलं. "बाप रे, केवढा गोड वास! अहो, हे इंजिन गार ठेवणारं कूलंट आहे. आत हीटर गळतोय." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "ताई, एवढा वास तुम्हाला आला नव्हता?"



"सर्दी होती तेव्हा," मी म्हणाले.

मालक माणूस वाईट नाही, म्हणून तर त्यांचं बोलणं जास्त लागलं. मला बाजूला घेऊन हळू आवाजात म्हणाले, "ताई, वयानं होतं असं. ही गाडी कंपनीच्या वर्कशॉपला पाठवू. सोमवारपासून तुम्ही काउंटरवर बसा. बघा, खुर्चीसुद्धा नवी आणून ठेवलीय."

खरंच होती. फिरती, गुबगुबीत, अजून प्लास्टिकही काढलं नव्हतं. म्हणजे माझं काय करायचं ते आधीच ठरलं होतं! डोकं फिरलं माझं. "या, बसा, पाणी देऊ का, होईल हो गाडी पाचपर्यंत," असं म्हणत उरलेली वर्षं काढायची? हात काळे झाल्याशिवाय मला घास गोड लागत नाही. आणि खरं सांगायचं तर घाबरलेही होते. हे काम गेलं तर मी कोण, ते मला ठाऊक नव्हतं.

मी तडक डॉक्टरबाईंसमोर जाऊन उभी राहिले. "खोटं बोलले मी. सर्दीबिर्दी काही नव्हती. मला वासच येत नाही, दीड वर्ष झालं. तुमच्या आईंचा जीव माझ्यामुळे धोक्यात आला. चूक माझी आहे आणि मीच ती निस्तरणार. तीन दिवस द्या."

मालकांनी कपाळावर हात मारला.

"वास येत नाही आणि गळती शोधणार?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

"आईंचे पाय ओले झाले होते?"

"मोजे ओले झाले. ओले कसले, चिकट. धुतले तरी जाईना ते."

"हेच मी त्या दिवशी विचारायला हवं होतं. पाण्यानं मोजे चिकट होत नाहीत." मी पांढरं फडकं काचेवर आतून फिरवलं आणि त्यांच्या हातात दिलं. "बोटांनी चोळून बघा."

त्यांनी चोळलं. "तेलकट लागतंय."

"पाणी असतं तर वाळून गेलं असतं. हे कळायला नाक लागत नाही हो. मी नाकाच्या भरवशावर राहिले, तेही नसलेल्या."

त्या हसल्या नाहीत. फडकं पुन्हा एकदा चोळून बघितलं. "तीन दिवस," म्हणाल्या. "आणि आई त्याच सीटवर बसणार आहे."

पहिल्या दिवशी कूलंटच्या टाकीवर पंप लावून दाब दिला. काटा हळूहळू उतरायला लागला, म्हणजे गळती होतीच. इंजिनात कुठेही थेंब नाही. गालिच्याखाली हात घातला तर बोटं कूलंटनं गुलाबी. हा हीटर म्हणजे रेडिएटरचंच पिल्लू, वहीएवढी जाळी. इंजिनातलं गरम कूलंट तिच्यातून फिरतं आणि तिच्यावरून आलेला वारा काच साफ ठेवतो. पण बसवलाय कुठे? डॅशबोर्डच्या पार मागे! आधी हा ठेवून मग त्याच्याभोवती गाडी बांधली असावी, असा संशय येतो. बॅटरी सोडवली, एअरबॅग काढली, दोन्ही सीटा, स्टीअरिंग, मग सगळा डॅशबोर्ड. नाकी नऊ आले.

मालक येता-जाता खाकरायचे. "ताई, एवढा पसारा कशाला? हीटरच्या दोन्ही नळ्या इंजिनपाशीच एकमेकींना जोडून टाका. हीटर बंद, गळती बंद."

"आणि थंडीत काच कशानं साफ होणार? आईंच्या रुमालानं?"

ते खाकरतच काउंटरकडे वळले.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरबाई बघायला आल्या आणि दारातच थबकल्या. गाडीच्या आत नुसत्या वायरी लोंबत होत्या. "अगं बाई! हे पुन्हा जुळेल ना?"

"अक्कलदाढ काढताना तुम्ही पेशंटला आरसा देता का? मग? घरी जा बरं."

या वेळी हसल्या.

जाळी बाहेर आली. नळीच्या जोडावर केसाएवढी चीर, तिच्याभोवती गुलाबी खरपूड धरलेली. नवी जाळी बसवली, सगळी रबरं नवी घातली. त्या दिवशी नवरा डबा घेऊन आला आणि कानाशी कुजबुजला, "शेवटी मी येऊन गुपचूप वास घेऊन जाऊ का? कुणाला कळणार नाही."

"खबरदार! लपवाछपवी करूनच ही वेळ आलीय."

तिसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा दाब दिला. दुपार झाली तरी काटा जागचा हलला नाही. तेव्हा कुठे मी चहा प्याले.

डॉक्टरबाई आल्या त्या आईंना घेऊनच. आईंनी मुद्दाम पांढरेशुभ्र मोजे घातले होते. माझ्याकडे बघून म्हणाल्या, "परीक्षा आहे बरं का तुमची." हीटर पूर्ण चालू करून दोघी चक्कर मारायला गेल्या. अर्धा तास मी एकच पाना पुसत बसले होते. 

गाडी परत आली. काच आरशासारखी लख्ख. मी गुडघ्यावर बसले, आईंचा पाय हातात घेतला, मोज्यावरून बोटं फिरवली, चोळली. कोरडा. पुन्हा फिरवली. कोरडा. डोळे भरून आले, आणि मी ते लपवले नाहीत.

"उठा आता," आई म्हणाल्या. "तिच्या दवाखान्यात आजवर कुणी एवढे पाय धरले नसतील."

मालक गाडीत डोकं घालून फूं फूं करत होते. "छे, वासाचं नाव नाही!" बाहेर आले, पण गाडी गेल्यावर काउंटरकडे बघून घुटमळले. "ताई, काम बेस्ट झालं. पण सोमवारचं ते... उद्या पुन्हा असा काही वास..."

"वास तुम्ही घ्या, मालक. त्याला नुसतं नाक असलं की भागतं."

मी काउंटरपाशी गेले, नव्या खुर्चीचं प्लास्टिक टराटरा फाडलं आणि ती ढकलत ढकलत पुढच्या गाडीपाशी नेली. दार उघडलं, खुर्चीवर बसले, वाकून डॅशबोर्डखाली हात घातला. उंची अगदी बरोबर होती.

"खुर्ची छान आणलीत हो," मी आतूनच ओरडले. "दहा नंबरचा पाना द्या जरा."

मागे पान्यांचा खोका खडखडला. मग पाना माझ्या हातात आला.