घड्याळजींची वर गेलेली मान

वीस वर्षं घड्याळजी खाली मान घालून जगले. यात नम्रतेचा भाग नव्हता. संधिवाताने मानेचे मणके एकमेकांना चिकटून त्यांची एकच पुढे झुकलेली कांडी झाली होती. गिऱ्हाइकांना वाटे, माणूस कामात बुडालाय. धंद्याला बरा म्हणून हा गैरसमज त्यांनी जपला होता.

मंगळवारी ते बाथरूममध्ये घसरले. कण्हत उठले, तर समोर आरसा आणि आरशात चक्क स्वतःचं तोंड.

"अगं, मान वर झाली! डॉक्टरांना वीस वर्षं जमलं नाही ते साबणानं केलं बघ."

"दुखत नाही का?" बायकोने दारातून विचारलं.

"दुखतंय की. पण ते काय, आपलं जुनंच गिऱ्हाईक."

तीन दिवस ते ताठ मानेने दुकानात बसले. शेजारच्या शिंप्याला त्यांनी व्यायामाचे सल्ले दिले. चौथ्या दिवशी चिमट्यातून स्क्रू निसटला, मग दुसरा. बोटांना मुंग्या आल्या होत्या. बायकोने हात धरून दवाखाना गाठला.

फोटो पाहून डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "काका, मान वर झाली नाही, मोडलीय. अशी चिकटलेली मान सुटत नसते, खडूसारखी तुटते."

"शिंप्याला तर मी हलवूनही दाखवली," घड्याळजी म्हणाले. हे का सांगितलं, देव जाणे. बाईंनी डोळे मिटून घेतले.

"आजच ऑपरेशन. मागून सळ्या आणि स्क्रू घालून मान पक्की करायची. उशीर झाला तर हातपाय जातील."

"बांधताच आहात, तर अशीच वर बांधा ना."

"तशी ठेवली तर मोडलेल्या हाडात पुढून पडलेली फट उघडी राहील, नसांवर ताण येईल. जुन्या जागी आणली तर बोटं वाचण्याची आशा जास्त. ठरवा तुम्ही."

घड्याळजींनी बायकोला विचारलं, "तू काय म्हणतेस?"

"तीन दिवस मान वर होती. आरसा पाहिलात, शिंपी पाहिलात. माझ्याकडे पाहिलंत का एकदा तरी?"

घड्याळजींनी आठवून पाहिलं. मग डॉक्टरीणबाईंना म्हणाले, "खालीच बांधा. वर असून उपयोग होईल असा माणूस नाही मी."

शुद्धीवर आले तेव्हा डोक्याखाली दोन उशा होत्या आणि बाई म्हणत होत्या, "काका, बोटं हलवा बघू."

त्यांनी हलवली. दहाच्या दहा हलली. मोजायला जड गेलं नाही. नजर बरोबर तिथंच होती.